रायगड पाहिला, महाड राहिले!

२०२५ मध्ये रायगड व प्रतापगडासह बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत विराजमान झाले. अभिमान रास्तच, पण त्या मानाने पायथ्याच्या वाड्यांतील चूल पेटणार काय? १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. पर्यटक सकाळी येतो, वर जातो, छायाचित्रे काढतो आणि सायंकाळी परततो. मागे उरतो तो कचरा. वाडीतला तरुण मात्र मुंबईची वाट धरतो.

एका आकर्षणाने क्षेत्र घडत नाही. पंढरी केवळ राउळावर उभी नाही. वारीची वाट, मठ आणि धर्मशाळा यांनी ती घडली. महाड-पोलादपुरात उणे काय आहे? उमरठला नरवीर तानाजींची समाधी, पोलादपुरात शिवभारतकार परमानंदांची. दासबोधाची जन्मभूमी मानली जाणारी शिवथरघळ, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आणि १९२७ च्या सत्याग्रहाने पावन झालेले चवदार तळे! ही स्थाने एका सूत्रात गुंफून दोन दिवसांची यात्रा आखली, गावकऱ्यांच्या घरी निवास-भोजन आणि भूमिपुत्र मार्गदर्शक मिळाले, तर पैसा गावातच राहील.

शासनाने रस्ते द्यावेत. यात्रा समाजानेच उभारावी. रायगड हे सहलीचे ठिकाण नव्हे, राष्ट्रतीर्थ आहे. तीर्थाला धावती भेट द्यायची नसते. तेथे मुक्काम करायचा असतो!