विचारायचं कुणाला?

देपालपुरात मेडिकल स्टोअरवर तातडीची गर्भनिरोधक गोळी मागायची, तर आधी दुकानात कोण कोण उभं आहे ते बघावं लागतं. दुकानदार मुलीच्या काकांना ओळखत असतो. मग ती इंदूरची बस धरते, नाहीतर तिथे भंवरकुआँला क्लासला असणाऱ्या मैत्रिणीला फोन लावते. मैत्रिणीला जेवढं ठाऊक, तेवढ्यावर निर्णय होतो. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी, अशी ती गोळी. त्यातले दोन दिवस असेच जातात. पाळी चुकली तर आठवडे जातात.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. पण मराठी मासिकानं हे काम फार पूर्वी केलं आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. नोकरी गेली. पत्नी मालतीबाई पाठीशी राहिल्या, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. घरात कुणाला विचारता येत नाही ते लोक त्यांना पत्रातून विचारत आणि छापील, सरळ उत्तर मिळवत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला सांगता येई. २०२१ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. काही कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतानं, परवानगी आहे; त्यातून अविवाहितेला वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. वडिलांची नाही, नवऱ्याची नाही. तरीही ‘घरचं कुणी घेऊन या’ हे वाक्य दवाखान्यांत ऐकू येतंच, आणि हक्क माहीत नसलेली मुलगी तिथून परत फिरते. मग दुकानातून चोरून आणलेल्या, तपासणीशिवाय घेतलेल्या गोळ्या.

निरोध, माला-एन, आठवड्याची ‘छाया’, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, हे सगळं सरकारी व्यवस्थेत फुकट आहे. पण आशाताई जाते ती नव्या सुनेच्या घरी. कॉलेजातल्या मुलीचं दार ती वाजवत नाही. मुलाचं तर नाहीच, आणि निम्मी जबाबदारी त्याची आहे.

पुढच्या अंकापासून आम्ही प्रश्नोत्तरांचं सदर सुरू करतो आहोत. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ देतील. प्रश्न पाठवा, नाव लिहू नका. आणि पालकहो, हा अंक मुलामुलींच्या हाती पडेल असा ठेवा.