नावाड्याचा नकार

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, झुंज येथे वर्धा नदीच्या पात्रात एक डोंगा उलटला. दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेले आप्तजन धबधबा पाहावयास निघाले होते. डोंग्यात तेरा जण होते. त्यांतील दोघे पोहून काठाला लागले, अकरा जणांना नदीने पोटात घेतले. एका मृत्यूचे दुःख वाटून घेण्यासाठी जमलेल्या कुटुंबावर अकरा मृत्यूंचे दुःख कोसळले. आमच्या जिल्ह्याला नाव देणारी ही नदी. साहजिकच पुढील आठ-दहा दिवस इकडे प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय होता आणि त्या बोलण्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होत असे : ‘नशिबात होते, त्याला कोण काय करणार?’

हे वाक्य सांत्वनासाठी ठीक आहे. घडलेल्या गोष्टीचे कारण म्हणून ते मान्य करता येत नाही. पाण्याला नशीब कळत नाही, वजन कळते.

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून असलेले गाव आता वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय यांमुळे सर्वदूर परिचित झाले आहे. बाहेरगावाहून नोकरीला, शिक्षणाला आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. सुटीच्या दिवशी जवळपासच्या तलावांकडे, धरणांकडे, नदीकाठाकडे पावले वळणे स्वाभाविक आहे. तेथे भोई किंवा ढिवर समाजाचा एखादा बांधव जाळे आवरीत असतो, त्याचा डोंगा काठाला बांधलेला असतो. मुले हट्ट धरतात, वडील खिशात हात घालतात आणि मासेमारीचा डोंगा क्षणार्धात सहलीची नौका बनतो. येथपर्यंत कोणाचेच काही चुकलेले नसते. चूक होते ती कितीजणांनी बसायचे हा प्रश्न कोणी विचारीत नाही तेव्हा.

आपल्याकडे पसरट पाण्यात मासेमारीसाठी वापरला जाणारा लहान डोंगा बहुतेक सपाट तळाचा असतो. त्याची कारणेही शहाणपणाची आहेत. तो उथळ पाण्यात चालतो, गाळात रुतत नाही, बांबूने ढकलता येतो, काठावर ओढून ठेवता येतो. पाय ठेवताच तो फारसा डुलत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला त्याचा विश्वास वाटतो. नेमका हाच विश्वास घातक ठरतो. गोल तळाची नाव आधीपासून डुलून बसणाऱ्याला सावध करते. सपाट तळाची नाव बराच वेळ स्थिर राहते आणि एका मर्यादेपलीकडे कलली की सावरायला अवधीच देत नाही.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. गणिताच्या वाटेला तो शाळेनंतर क्वचितच गेला. तरीही पुढचा हिशेब मी मुद्दाम मांडला आणि एका अभियंता स्नेह्याकडून तपासून घेतला. बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि सोळा इंच उंच कडेचा एक डोंगा घेऊ. त्याचा तळ अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. तेव्हा डोंगा एक इंच खाली बसला की तो चार घनफूट, म्हणजे ११३ किलो पाणी बाजूला सारतो आणि तेवढेच वजन पेलतो. टोकांकडे तो निमुळता असतो, म्हणून इंचाला शंभर किलो धरू. डोंग्याचे स्वतःचे वजन शंभर किलो, जाळी आणि मासळी आणखी शंभर. माणसामागे ७५ किलो धरले तर सहा माणसांचे साडेचारशे. म्हणजे डोंगा साडेसहा इंच बुडेल आणि कड पाण्याबाहेर साडेनऊ इंच राहील. याच हिशेबाने पंधरा माणसे बसवली तरी कड पाण्याबाहेर पावणेतीन इंच उरतेच. म्हणजे कागदावर पंधरा माणसेही बुडत नाहीत!

कागदावर बुडत नाहीत, कारण कागदावरची माणसे हलत नाहीत. प्रत्यक्षात मासा जाळ्यात उसळला की सगळे त्याच बाजूला झुकतात. ओले जाळे एकाच कडेवरून वर ओढले जाते. धरणाच्या बुडीत क्षेत्रात जुन्या झाडांचे खुंट पाण्याखाली असतात. त्यांत जाळे अडकले की ओढणाऱ्याचा सारा जोर ती कड खाली नेण्यात खर्च होतो. वरील डोंग्यात सहा जण बसलेले असताना त्यांतील तिघे दीड फुटाच्या आतच, बसल्या बसल्या, एका बाजूला सरकले तरी ती कड सुमारे आठ इंच खाली जाते. उरते दीड इंच. एवढ्या उंचीची लाट उठवायला वारा तरी कितीसा लागतो? आणि तळात एकदा पाणी आले की ते कललेल्या बाजूलाच धावते, त्या बाजूला आणखी वजन देते. सहाही जण छायाचित्रासाठी उभे राहिले तर विचारूच नका. वजन तेवढेच, पण ते उंच गेल्यामुळे डोंग्याचा तोल जवळजवळ संपतो. तोच डोंगा, तीच जाळी, पण माणसे तीन असली तर तिघेही एका कडेला झुकल्यावरसुद्धा पाच-सहा इंच कड कोरडी राहते.

अमेरिकेत लहान नावांसाठी एक ढोबळ सूत्र सांगितले जाते : फुटांतील लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराला पंधराने भागावे, येईल तेवढी माणसे, तीही शांत हवेत. बारा गुणिले चार भागिले पंधरा, म्हणजे तीन. तेथे वीस फुटांहून लहान यांत्रिक नावांवर किती माणसे आणि किती वजन याची पट्टी ठोकणे १९७२ पासून बंधनकारक आहे. ज्यांना परदेशातील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय वाटते त्यांच्यातला मी नाही. परंतु तीनाला तीन म्हणण्यात स्वदेशी-परदेशी असे काही नसते.

हे सूत्र घेऊन मी वर्ध्याच्या आसपासच्या एका तलावावर गेलो. डोंगा जवळपास याच मापाचा होता. त्याच्या मालकाला विचारले, ‘भाऊ, यात किती माणसे बसवता?’ तो हसला. म्हणाला, ‘ते काही सांगता येत नाही जी. आपणच असलो त दोघं. पाव्हणे आले त चार-पाच. अन् साहेबलोक आले त ते म्हणतीन तितके.’

या उत्तरापुढे माझा सगळा हिशेब फिका पडला. त्या माणसाला सूत्र माहीत नव्हते, पण तीन हा आकडा त्याच्या हाताला, पायाला, वल्ह्याला पक्का ठाऊक होता. स्वतःचा जीव असतो तेव्हा तो दोघांवर थांबतो. त्याला ठाऊक नाही असे काहीच नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तेवढा त्याच्याकडे नाही. काठावर उभी असलेली माणसे शिकलेली, चांगल्या कपड्यांतली, कधी अधिकारपदावरची, कधी गावचीच मान्यवर. त्यांना ‘तुमच्यातील तिघांनी खाली उतरावे’ असे सांगण्याची हिंमत तलाव ठेक्याने घेणाऱ्या संस्थेच्या एका गरीब सभासदाने कोठून आणायची? आणि दुर्घटना घडली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो : एवढी माणसे बसवलीच कशी? समरसतेविषयी आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. नावाड्याने उतरायला सांगितल्यावर मुकाट्याने उतरता येणे, हीही समरसतेचीच एक परीक्षा आहे, आणि तीत आपण मध्यमवर्गीय बहुधा नापास होतो.

रामचरितमानसातील केवटाचा प्रसंग आपल्या घरोघरी कीर्तनांतून, प्रवचनांतून ऐकला जातो. आपण त्यातील भक्तिभावाने गहिवरतो आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहावी. शिळेची अहल्या झाली तशी माझ्या नावेचीही स्त्री झाली तर माझ्या कुटुंबाने खायचे काय, असा केवटाचा प्रश्न आहे. पाय धुतल्याखेरीज नावेत घेणार नाही, ही अट तो प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांना घालतो. आणि अयोध्येचा राजपुत्र ती मानतो. नावेवर शब्द नावाड्याचाच, हे तेथे मर्यादापुरुषोत्तमाने मान्य केले आहे.

आपल्या राज्यशास्त्रालाही या विषयाचे वावडे नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. महानद्यांवर मोठ्या नौका आणि केवळ पावसाळ्यात वाहणाऱ्या लहान नद्यांवर लहान नौका, एवढा बारकावा त्यात आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यातील दायित्वाची तरतूद : माणसे किंवा साधने अपुरी असलेली, अथवा डागडुजी न केलेली नाव बुडाली तर झालेले नुकसान नावाध्यक्षाने भरून द्यावे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही नावाड्यांच्या दोषाने झालेली हानी आणि दैवी आपत्तीने झालेली हानी यांत स्पष्ट फरक केलेला आहे. ‘नशिबात होते’ असे म्हणून सगळे एकाच गाठोड्यात बांधण्याची सवय आपल्या पूर्वजांची नव्हे.

त्या फरकाच्या कसोटीवर अलीकडच्या घटना तपासून पाहा. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात एक नाव उलटली. अकरा जण होते, आठ बुडाले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील शेतमजूर स्त्रिया मिरची तोडण्यासाठी वैनगंगा ओलांडत असताना डोंगा उलटला आणि सहाजणींवर काळाने घाला घातला. त्या हौसेखातर बसल्या नव्हत्या, त्यांना रोजीसाठी पलीकडे जायचेच होते. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान सोसाट्याच्या वाऱ्यात नाव उलटून सहा जण गेले. वारा दैवी, हे मान्य. पण वारा येईल हे गृहीत धरून किती कड कोरडी ठेवायची, हे ठरवणे माणसाच्याच हाती असते.

एक उदाहरण आपल्याला अधिक बोचेल असे आहे, म्हणूनच ते येथे देतो. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी अकरा तरुण बुडाले. दोन नावा एकत्र जोडून त्यांवर मोठी मूर्ती ठेवली होती. मूर्ती पाण्यात सोडताना भार एकाएकी एका बाजूला गेला. अंगावर जीवरक्षक जॅकेट कोणाच्याही नव्हते. बाप्पाला निरोप देताना घरातला मुलगा गमवावा, अशी कोणत्या देवाची इच्छा असेल?

शासन काय करते, असा प्रश्न येथे येणारच. २०२१ साली संसदेने जुन्या, १९१७ च्या कायद्याच्या जागी नवा अंतर्देशीय जलयान कायदा केला. त्यात बिनयंत्राच्या नावांच्या नोंदणीचाही विचार आहे आणि ते काम स्थानिक पातळीवर सोपवता येते. पण कायदा काठावर उतरायला वेळ घेतो. प्रत्येक दुर्घटनेनंतर प्रशासनाला सुचणारा सोपा उपाय म्हणजे बंदी. चार महिने नावा बंद, मग पुन्हा जैसे थे. या बंदीत मरण होते ते मासेमाराचे. मासेमारी आणि अधूनमधून सैर, यांवरच त्याचे घर चालते. बंदीपेक्षा आकडा बरा.

तो आकडा डोंग्याच्या दोन्ही कडांवर, दुरून वाचता येईल इतका मोठा रंगवावा. त्याच्याखाली एक आडवी रेघ ओढावी. रेघ पाण्याखाली गेली तर डोंगा हलणार नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने ठराव करावा, ग्रामपंचायतीने त्यावर शिक्का मारावा. याने पाण्याचे शास्त्र बदलत नाही, बोलणाऱ्याचे बळ बदलते. मग ‘मी नाही म्हणतो’ असे त्याला म्हणावे लागत नाही, ‘संस्थेचा नियम आहे, साहेब’ असे म्हणता येते. दोन रिकामे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे फळीखाली पक्के बांधले तर उलटलेल्या डोंग्यालाही धरून राहायला आधार मिळतो. मुलांना जॅकेटखेरीज बसवू नये. यात खर्च असा किती आहे?

तिघांच्या फेरीत त्याला परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सहा जणांच्या एका फेरीच्या जागी दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट वल्हे, दुप्पट वेळ. त्याचे दाम आपण द्यायचे. हॉटेलात न विचारता देयक भरणारा माणूस डोंग्याच्या काठावर वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, हे दृश्य मी पाहिले आहे. ती घासाघीस बहुधा ‘सगळ्यांना एकदमच घे’ या सौद्यावर मिटते.

आमच्या भागातील गणेशोत्सव मंडळांच्या बैठका पावसाळ्यातच सुरू होतात. मूर्तीची उंची, मंडपाची जागा, ढोल-ताशांचे पथक, सारे तेथे ठरते. विसर्जनाला नाव लागणार असेल तर ती कोणाची, तिची लांबी-रुंदी किती, मूर्तीचे वजन धरून तिच्यात किती जण जाणार, हेही त्याच बैठकीत ठरावे आणि त्या बैठकीला नावाड्याला बोलवावे. खुर्चीवर बसवून, चहा देऊन विचारावे : ‘भाऊ, तुम्ही सांगा, किती?’