घर तेवढंच, मग हप्ता का वेगळा?

सारख्याच घराला एका गावी विम्याचा हप्ता कमी आणि दुसऱ्या गावी जास्त म्हटलं की आपण कंपनीला शिव्या देऊन मोकळे होतो. पण हिशेब समजून घ्या. घराच्या विम्यात जागेची किंमत धरत नाहीत, पडलेलं घर पुन्हा बांधायचा खर्च धरतात. मग पाहतात, ते पडण्याची भीती किती?

ही भीती मोजणंच अवघड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा भूकंपाच्या सरकारी नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता! दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. माणसं गाडली गेली ती त्याखालीच. २००२ साली पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. कोयना चौथ्यात, कच्छ पाचव्यात. विभाग चढला की भूकंपाचा दरही चढतो.

अमेरिकेत फ्लोरिडाचं तसंच. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर तिथल्या कित्येक विमा कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांनी दर वाढवले, कारण कंपन्यासुद्धा आपला विमा बड्या कंपन्यांकडे उतरवतात आणि तो महागला की बोजा घरमालकावरच येतो.

आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे. भूकंप, पूर, वादळ तिन्ही एकात. मात्र भिंती किंवा छप्पर बांबूचं, गवताचं, ताडपत्रीचं असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चं बांधकाम. अर्जात ते लपवू नका, भरपाईच्या वेळी नडतं.