गुराखी आहे, मेंढपाळ आहे... आणि डुकरं राखणारा?

मंडळी, विषय ऐकून आमच्या घरात नाकं मुरडून झाली आहेत. "एवढे विषय पडलेत आणि तुला डुकरं सुचली?" हो, सुचली! सत्तरी उलटल्यावर ग्रीक लिपी शिकायला घेतली. तेव्हापासून होमरचं 'ओडिसी' इंग्रजीतून वाचता वाचता मूळ शब्द कोशात शोधायचा नाद लागला आहे. दुपारची झोप त्यातच जाते.

आपण एकदा 'डुक्कर' म्हटलं की संपलं, आणि तेही बहुतेक वेळा शिवी म्हणूनच. ग्रीकांचं तसं नव्हतं. साध्या डुकराला 'हूस' किंवा 'सूस'. होमर दोन्ही वापरतो. आरंभीचा जुना 'स' ग्रीकमध्ये सहसा 'ह' होतो, म्हणजे आपलं 'सप्त' ते त्यांचं 'हेप्ता'. पण या शब्दात 'स'सुद्धा तग धरून राहिला. लॅटिनमध्ये 'सूस', संस्कृतात 'सूकर'... घराणं एकच. पिल्लाला 'खोइरोस', नराला 'काप्रोस', खाऊ घालून पुष्ट केलेल्याला 'सिआलोस'. 'हूस'ला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून 'ह्याइना' झालं, म्हणजे तरस. ('खोइरोस'ला एक चावट अर्थही होता. आरिस्तोफानेसने इ.स.पू. ४२५ च्या नाटकात त्यावर मनसोक्त विनोद केले आहेत. नातवंडं हा ब्लॉग वाचतात, तेव्हा पुढे जाऊ.)

हे नुसते कोशातले शब्द नाहीत बरं का. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात आपल्या बेटावर परतलेला ओडिसियस सगळ्यात आधी जातो तो डुकरं राखणाऱ्या एउमायोसकडे. तिथे बारा खुराडी, प्रत्येकात पन्नास माद्या. नर बाहेर, तेही फक्त तीनशे साठ उरलेले. राजवाड्यात ठाण मांडून बसलेले राणीचे मागणीदार रोज एक मागवून खातात ना! एउमायोस पाहुण्याला जेवू घालतो तेव्हा सांगतो, आम्हा चाकरांच्या वाट्याला ही पिल्लंच, 'खोइरोस'. 'सिआलोस' ते लोक खातात. पुष्ट कोणाच्या ताटात आणि लहान कोणाच्या, हे दोन शब्दांत कळलं. इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे 'पिग' किंवा 'पोर्क' आलं की ही मेख निघून जाते.

आता राखणाऱ्यांचे शब्द बघा. गाईगुरं राखणारा 'बूकोलोस', शेळ्या राखणारा 'आइपोलोस', मेंढ्यांचा 'पोइमेन'. आणि डुकरांचा? त्याला दोन शब्द: 'सुबोतेस' आणि 'हूफोर्बोस'. दोन्हींचा अर्थ डुकरांना चारणारा. 'सुबोतेस'मधलं जे 'चारणं' आहे, त्याच मुळापासून चाऱ्याला 'बोताने' हा शब्द झाला आणि त्यातून पुढे आपल्या शाळा-कॉलेजातली 'बॉटनी' आली. गुरांचा शब्द तर इतका रुळला की 'इलियड'मध्ये एका राजाच्या तीन हजार घोड्यांनाही 'बूकोलोस'पासून झालेलंच क्रियापद लावलं आहे. म्हणजे घोडेसुद्धा गाईंसारखे राखले! आपणही 'गवेषणा' म्हणताना गाय कुठे शोधतो?

हा धंदाही जुना. पिलोसच्या राजवाड्याला इ.स.पू. १२०० च्या सुमारास आग लागली आणि तिथल्या मातीच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी त्यांची लिपी सोडवली. त्यांतल्या जमिनीच्या नोंदींत 'सु-क्वो-ता' येतो, म्हणजे आपला 'सुबोतेस'च. एका पाटीवर नऊ गावांना वाटून दिलेली पंचवीस डुकरं आहेत, पुष्ट करण्यासाठी. तिथे शब्द तोच, 'सिआलोस'.

पण मला सांगायचंय ते पुढेच आहे. होमर या एउमायोसला 'दीओस हूफोर्बोस' म्हणतो. 'दीओस' हा आपल्या 'दिव्य'चा सख्खा भाऊ. अकिलीसला आणि खुद्द ओडिसियसला लावायचं विशेषण! शिवाय 'माणसांचा म्होरक्या' असंही म्हणतो. कवी स्वतः त्याच्याशी 'तू' करून बोलतो, "एउमायोस, तू त्याला म्हणालास" अशा धर्तीवर, पंधराएक वेळा. 'ओडिसी'त हा मान दुसऱ्या कुणालाच नाही.

यावर अभ्यासकांचं म्हणणं असतं की ही विशेषणं वृत्तात बसवायला ठरून गेलेली असत, मिल्मन पॅरी यांनी १९२८ मध्ये ते दाखवूनच दिलं. काहींना यात थट्टा दिसते. कुणी म्हणतं, एउमायोस मुळात राजाचा मुलगा, लहानपणी पळवून विकलेला, म्हणून हा मान. मला यातलं काही पुरेसं वाटत नाही. वृत्तासाठी का होईना, 'दिव्य' आणि 'डुकरं राखणारा' शेजारी बसले आणि ऐकणाऱ्यांच्या कानाला ते खटकलं नाही, हे महत्त्वाचं. त्या लोकांना उच्चनीच कळत नव्हतं असंही नाही. त्याच काव्यात शेळ्या राखणारा मेलान्थियोस एउमायोसला 'सुबोतेस' म्हणतो तेव्हा हिणवूनच म्हणतो. शब्द तोच, तोंड वेगळं.

हेरोदोतसने इजिप्तबद्दल लिहिलं आहे की तिथे डुकरं राखणाऱ्यांना देवळात प्रवेश नव्हता आणि त्यांच्याशी कोणी सोयरीक करत नसे. हे वाचताना मला इजिप्त दिसलंच नाही. आपण वराह अवताराला हात जोडतो, आणि डुकरं पाळणाऱ्या कैकाडी माणसाला? नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) चं नावच कैकाडी बोलीतलं, अर्थ डुक्कर. आपल्यातल्या किती जणांना तो शब्द त्याआधी ठाऊक होता?

माझ्या वर्गात एक मुलगा होता, घरी डुकरं पाळायचे. दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा तो गप्प उभा राहिला. शेवटी कार्यालयातून 'मजुरी' असं लिहून आलं. 'गुराखी' लिहिता येतं, 'मेंढपाळ' लिहिता येतं. सरकारी कागदावर 'वराहपालन' म्हणतात, पण त्या पोराच्या वडिलांना 'वराहपालक' म्हणून कोणी हाक मारणार आहे का! आमच्या मराठीत या कामाला अजून मानाचा शब्द नाही, आणि याचा दोष मी भाषेला देत नाही, बोलणाऱ्यांना देते.

म्हणून 'ओडिसी' मराठीत सांगणाऱ्यांना माझी विनंती आहे की एउमायोसचा 'एकनिष्ठ सेवक' किंवा 'विश्वासू गुराखी' करू नका. डुकरं झाकू नका आणि 'दिव्य'ही गाळू नका. मी नातवंडांना सांगते तेव्हा सरळ 'डुकरं राखणारा थोर एउमायोस' म्हणते. पहिल्यांदा धाकटी खुदकन हसली. मग मी चौदाव्या सर्गातली रात्र सांगितली. बाहेर पाऊस आणि वारा. पाहुण्याला शेकोटीजवळ अंथरूण घालून दिलंय, बाकीचे गडी आत झोपलेत. एउमायोस मात्र तलवार खांद्याला लावतो, जाड घोंगडं पांघरतो, भाला घेतो आणि खडकाच्या आडोशाला आपल्या डुकरांजवळ झोपायला जातो. तेव्हा ती हसली नाही. "त्याला थंडी वाजली असेल ना गं आजी?" एवढंच म्हणाली.