पुस्तकांचं गाव भिलारलाच का?

महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरातलं भिलार पूर्वी स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जायचं. ४ मे २०१७ ला राज्य सरकारने तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाची. तिथे पुस्तकं विकली जातात, भिलारमध्ये ती फुकट वाचता येतात. त्यासाठी एकच मोठी इमारत उभारली नाही. घरं, शाळा, मंदिरं अशा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली.

आखाडा बाळापूरला थंड हवा नाही, पर्यटकही येणार नाहीत. मग इथे काय उपयोग? आमच्या मते इथे गरज जास्त आहे. ज्यांना परवडतं ती मुलं अभ्यासाला नांदेड गाठतात. गरिबाच्या मुलाला आणि घराबाहेर जायची मुभा नसलेल्या मुलीला जवळच बसायला जागा हवी.

१९६७ च्या कायद्याने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळतं. पण कपाटाला कुलूप असेल तर त्या अनुदानाचा फायदा कुणाला? शाळेची खोली संध्याकाळी उघडी ठेवा, मशिदीलगतची, समाजमंदिराची जागा द्या. दिवे, पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह बघा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आपणच मांडायला हवा.