सव्वा तासाचा न्याय

“विमान बदलण्यासाठी आपणांस दिलेला वेळ नियमात बसणारा होता.” परदेशातील एका विशाल विमानतळावर, काचेमागे बसलेल्या एका तरुण कारकुनाने आमच्या वडील भगिनींना हे वाक्य अत्यंत सभ्यपणे ऐकविले. बाई वयाने सदुसष्ट. भंडाऱ्यातील एका शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अमेरिकेत कन्येच्या बाळंतपणासाठी एकट्याच निघालेल्या. नागपूर ते मुंबई, मुंबई ते ते विमानतळ आणि तेथून अमेरिका, असे एकाच तिकिटावरचे तीन टप्पे होते. मधल्या ठिकाणी विमान बदलण्यास सव्वा तास होता. मुंबईहून निघालेले विमान चाळीस मिनिटे उशिरा उतरले. बाई पुढच्या विमानाच्या दाराशी पोचल्या तेव्हा दार लागलेले होते. विमान मात्र काचेपलीकडे जागच्या जागी उभे दिसत होते. त्यानंतरचे विमान दुसऱ्या दिवशी. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि आंधळगावच्या जुन्या कोशाच्या लुगड्याची शिवलेली दुपटी घेऊन त्या बावीस तास एका बाकावर बसून राहिल्या, आणि त्या बावीस तासांतच तिकडे त्यांच्या नातीचा जन्म झाला.

एखाद्या मुलीची प्रसूती अपेक्षेपेक्षा दोन दिवस आधी झाली, म्हणून विमान कंपन्यांच्या नावाने बोटे मोडावीत काय, असे कोणी विचारील. मोडू नयेत. विमानाला उशीर होतो, वादळे येतात, धावपट्ट्या भरलेल्या असतात. हे सर्व आम्ही जाणतो. आमचा वाद विमानाच्या उशिराशी नसून त्या कारकुनाच्या वाक्याशी आहे. कारण त्या वाक्याचा सरळ अर्थ असा की, नियम बरोबर होता, म्हणजे चुकली ती म्हातारी. हा अर्थ आज आपल्याकडील सुशिक्षित मंडळींनीही निमूटपणे मान्य केलेला आहे. विमान चुकलेल्या माणसाची आपण कीव करतो, क्वचित थट्टाही करतो. परंतु त्याला तो वेळ कोणी व कोणत्या मापाने मोजून दिला, हे विचारीत नाही. ते विचारण्यासाठी हा लेख आहे.

हा नियम म्हणजे काय, ते प्रथम पाहू. प्रत्येक मोठ्या विमानतळासाठी विमान बदलण्याची एक किमान वेळ ठरलेली असते. देशांतर्गत विमानातून परदेशी विमानात जाण्यास इतकी मिनिटे, परदेशीतून परदेशीत जाण्यास इतकी, एका इमारतीतून दुसरीत जाण्यास इतकी, अशी तिची कोष्टके असतात. तिकिटे विकणारी यंत्रे या आकड्यापेक्षा कमी अंतराची दोन विमाने एका तिकिटावर जोडीत नाहीत. परंतु तेवढ्या किंवा त्याहून एका मिनिटाने अधिक अंतराची मात्र खुशाल जोडतात. फ्रँकफुर्टच्या विमानतळाने पंचेचाळीस मिनिटांच्या आणि व्हिएन्नाच्या विमानतळाने पंचवीस मिनिटांच्या विमानबदलाची वर्षानुवर्षे जाहिरात केली आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, हा आकडा ठरविण्याचे काम विमानतळ व विमान कंपन्या यांचे आहे. तो ठरविताना भंडाऱ्याच्या निवृत्त शिक्षिकेचे मत कोणी घेतलेले नसते.

आमच्या भगिनींनी त्या बाकावर बसून, सवयीप्रमाणे, हातातल्या तिकिटाच्या पाठीवर एक हिशेब मांडला. मोठ्या विमानाच्या मागच्या रांगेतून बाहेर पडण्यास वीस मिनिटे. पुन्हा एकदा सामानाची व अंगाची झडती, वीस मिनिटे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्यास पंधरा. दार सुटण्याच्या वेळेपूर्वी वीस मिनिटे बंद होते, ती वीस. एकूण पंचाहत्तर. म्हणजे विमान अगदी घड्याळाच्या ठोक्याला आले असते तरी हाती शून्य उरत होते. सव्वा तासाचे हे अंतर तरुण, रिकाम्या हाताच्या, पाट्या वाचता येणाऱ्या आणि त्या विमानतळावर पूर्वी येऊन गेलेल्या माणसासाठीच सव्वा तासाचे असते. इतरांसाठी ते प्रारंभापासूनच अपुरे असते.

यातील अन्याय अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. आपल्याकडील कित्येक वृद्ध स्त्रीपुरुष परदेशी जाताना चाकांची खुर्ची मागतात. पाय धड असूनही ते खुर्ची मागतात, अशी त्यांच्याविषयी कुजबुज चालते. परंतु त्यांना खुर्ची हवी असते ती पायांसाठी नव्हे. परक्या भाषेतील पाट्यांच्या त्या अरण्यात कोणीतरी आपल्याला हाती धरून न्यावे, यासाठी हवी असते. आणि या खुर्चीचा रिवाज कोणता? खुर्चीवरचा प्रवासी बहुधा सर्वांत शेवटी विमानातून उतरविला जातो. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक वेळ हवा, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो. नियम सर्वांना सारखा आहे, असे जे सांगितले जाते, त्यातले सत्य इतकेच.

मग इतके तुटपुंजे अंतर विकले तरी का जाते? याचे कारण व्यापारात आहे. मोठ्या मध्यवर्ती विमानतळांवर विमाने लाटेसारखी येतात आणि लाटेसारखी जातात. तास-दीड तासात पन्नास विमाने उतरावीत, त्यांतील माणसांची अदलाबदल व्हावी आणि लगेच पन्नास विमाने उडावीत, अशी ती रचना असते. विमान जमिनीवर उभे राहिले की ते पैसा मिळवीत नाही. शिवाय तिकिटांच्या यादीत एकूण कमी वेळाचा प्रवास वरच्या बाजूस दिसतो आणि ग्राहकाचे बोट तेथेच पडते. म्हणून प्रवासाचा वेळ कमी दाखविण्याचा सोपा उपाय म्हणजे मधला श्वास काढून घेणे. विमानाचा वेग काही वाढत नाही. वाढतो तो फक्त प्रवाशाच्या धावण्याचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, प्रवाशाने हे तिकीट स्वतः निवडले. कोणी त्याच्यावर बळजबरी केली नव्हती. वरवर पाहता हे म्हणणे रास्त दिसते. परंतु निवड करण्यास ज्ञान लागते. सव्वा तासात किती चालावे लागेल, झडतीची रांग किती लांब असते, गेल्या महिन्यात ते विमान किती वेळा उशिरा आले, यांपैकी कोणती माहिती तिकीट विकताना देण्यात आली? कंपनीपाशी ती सर्व असते. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असावा, घेणाऱ्याला नसावा, आणि दोष उघडा पडल्यावर “तुम्हीच निवडले” असे म्हणावे, ही रीत तुमसरच्या तांदळाच्या बाजारात एक दिवस चालणार नाही. तेथे गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहते, मगच पोत्याचा भाव बोलते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तीनशे माणसे भरलेले विमान एका बाईसाठी थांबवावे काय? त्या तीनशेंतील कित्येकांची पुढची विमाने नसतील काय? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. प्रत्येक विमानाने प्रत्येकासाठी थांबावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जोडणे आणि थांबणे यांचा काही संबंधच नाही, ही समजूत मात्र आम्हांस मान्य नाही. भंडाऱ्यापासून अवघ्या साठ किलोमीटरांवर, नागपुरास, याचा एक थोर दाखला होऊन गेला आहे. १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई हे दळणवळणमंत्री असताना, रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, आपापसांत टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची देवघेव करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडेक्स कंपनीने १९७३ मध्ये रात्रीच्या मालवाहतुकीची अशीच मध्यवर्ती पद्धत सुरू केली आणि ती जगात नावाजली. तिच्या जवळजवळ पाव शतक आधी ती विदर्भाच्या भूमीवर चालत होती. या योजनेचा प्राण कोणता होता? चारही विमाने एकत्र आल्यावाचून देवघेव पुरी होत नसे, हा. तेथे विमानबदल हाच मुख्य हेतू होता. म्हणून वेळापत्रक त्या विमानबदलाभोवती आखलेले होते. आज वेळापत्रक यंत्राभोवती आखतात आणि माणसाला त्याच्यामागे पळावयास लावतात.

ज्याला विमान थांबविणे शक्य नाही, त्याने निदान जबाबदारी घ्यावी. कायद्याची दिशाही तीच आहे. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात असे तत्त्व आहे की, अनेक टप्प्यांचा प्रवास उभय पक्षांनी एकच मानला असेल तर तो एक अखंड प्रवास होय. आणि एकोणिसाव्या कलमाप्रमाणे उशिरामुळे झालेल्या नुकसानीस वाहक जबाबदार आहे, त्याने ती टाळण्यासाठी वाजवी ते सर्व केल्याचे सिद्ध केल्यासच त्याची सुटका होते. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये एका खटल्यात याच विचाराला धार दिली. एक प्रवासिनी ब्रेमेनहून पॅरिस व साओ पावलो मार्गे पॅराग्वेतील असुन्सिऑनला निघाली होती. पहिले विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले, पुढची विमाने हुकली आणि ती मुक्कामी अकरा तास उशिरा पोचली. न्यायालयाने सांगितले की, उशीर मोजावयाचा तो पहिल्या विमानतळावर नव्हे, शेवटच्या मुक्कामावर. हे तत्त्व मान्य केले की, “वेळ नियमात बसणारा होता” या वाक्याचा आधारच निखळतो. जिने दोन विमानांची गाठ मारून विकली, तिनेच गाठ सुटल्याचा जाब द्यावयास हवा.

आणि जाब म्हणजे केवळ दुसऱ्या दिवशीची जागा नव्हे. आमच्या भगिनींना ती विनामूल्य मिळाली, भोजनाची चिठ्ठीही मिळाली. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु रात्री शहरातील हॉटेलात नेऊ म्हटले, तर त्या देशात पाऊल टाकण्याचा परवाना भारतीय प्रवाशापाशी असावा लागतो. तो त्यांच्यापाशी नव्हता. काही देशांच्या नागरिकांना जो उशीर एका गादीवर काढता येतो, तोच आपल्या माणसांना बाकावर काढावा लागतो. किमान वेळेचे कोष्टक आखणाऱ्यांच्या मनात हा भेद आलेलाही नसतो.

येथवर दुसऱ्यांस बोल लाविले. आता थोडे स्वतःकडे पाहू. आपली परदेशस्थ मुले आईबापांची तिकिटे काढतात तेव्हा यादीतले सर्वांत वरचे, सर्वांत थोड्या वेळाचे तिकीट घेतात. आपण तिशीत असताना ते अंतर एकदा धावत काटले होते, याचा त्यांना अभिमान असतो, आणि तेच माप ते सत्तरीच्या आईला लावतात. त्याहून घातक सवय म्हणजे दोन निरनिराळी तिकिटे घेण्याची. नागपूर-मुंबईचे एक तिकीट स्वस्तात घ्यावयाचे, परदेशाचे दुसरे अन्य कंपनीचे, आणि मध्ये दोन तास ठेवून चार-पाच हजार रुपये वाचल्याचा आनंद मानावयाचा. पुष्कळदा असे होते की, नागपूरचे विमान सांताक्रूझच्या इमारतीत उतरते आणि परदेशचे सहारच्या इमारतीतून सुटते. सामान घेऊन, मुंबईच्या रस्त्यावरून काही किलोमीटर जाऊन, पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. आणि परदेशी विमानाची सामान घेण्याची खिडकी तर सुटण्यापूर्वी साधारण तासभर बंद होते. अशा वेळी विमान चुकले तर दुसरी कंपनी म्हणते, आपला त्या पहिल्या तिकिटाशी संबंध नाही. आणि या एका बाबतीत तिचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. गाठ आपणच मारलेली असते.

म्हणून आमचे मागणे थोडक्यात असे. विमान बदलण्याची किमान वेळ चालण्याऱ्या धडधाकट माणसावरून न ठरविता, सर्वांत हळू चालणाऱ्या प्रवाशावरून ठरवावी. निदान खुर्ची मागणाऱ्यास व साठी ओलांडलेल्यास त्याहून कमी अंतराचे तिकीट विकू नये. एखादी जोडणी मागील काळात किती वेळा फसली, ते तिकिटावर किमतीशेजारी छापावे. ती फसल्यास मुक्कामावरील उशिराची भरपाई, न मागता, द्यावी. आणि आपल्या घरी, आईचे तिकीट काढताना यादी वरून नव्हे, खालून वाचावी.

परतीच्या प्रवासाचे तिकीट बाईंनी जावयास काढू दिले नाही. स्वतः बसून, मध्ये सहा तासांचा मुक्काम असलेले विमान त्यांनी निवडले. मुलीने विचारले, “आई, एवढा वेळ तिथे बसून काय करशील?” बाई म्हणाल्या, “बसेन. बसता येतं मला. धावता येत नाही.”