सुधारणेचं नाव, जमिनीची भूक

जॉन गॅस्टच्या १८७२ मधल्या एका चित्रात शुभ्र वस्त्रांतली स्त्री आकाशातून पश्चिमेकडे निघाली आहे. हातात शाळेचं पुस्तक आणि तारायंत्राची तार. खाली रेल्वे आणि नांगर धरलेले शेतकरी. डाव्या कडेच्या अंधारात मूळ रहिवासी आणि बायसन जीव घेऊन पळताहेत. अमेरिकेच्या पश्चिम विस्तारामागचा विचार इतक्या उघडपणे क्वचितच कुणी रंगवला असेल.

त्या विचाराला नाव मिळालं १८४५ मध्ये. टेक्सास सामील करून घ्यावं म्हणून जॉन ओ'सलिव्हनच्या मासिकात लेख आला आणि त्यातले ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ हे शब्द सर्वतोमुखी झाले. अख्खा खंड व्यापणं हे अमेरिकनांचं ईश्वरानेच नेमून दिलेलं कार्य, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध जुंपलं आणि १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट मुलूख अमेरिकेच्या हाती आला.

हा सुधारणेचा प्रसार होता, असं समर्थन आजही ऐकू येतं. चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या हकिकतीपुढे ते टिकत नाही.

सेक्वोया हा चांदीकाम करणारा चेरोकी. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी १८२१ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेची लिपी स्वतः घडवली. १८२७ मध्ये चेरोकींनी लेखी राज्यघटना केली. पुढच्या वर्षी न्यू एकोटाहून त्यांचं ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र चेरोकी आणि इंग्रजीत निघू लागलं. शेती होती, शाळा होत्या. त्यांच्यातले धनिक गोऱ्या जमीनदारांसारखे गुलामही बाळगत, हेही सांगायला हवं.

आणखी कोणती सुधारणा हवी होती? हवी होती ती जमीन. जॉर्जियात सोनं सापडलं होतं, कापसाला रान कमी पडत होतं. १८३० मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांनी हुसकावणीच्या कायद्यावर सही केली. जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या भूमीवर चालणार नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १८३२ मध्ये दिला. तो कागदावरच राहिला. १८३५ मध्ये मूठभर चेरोकींच्या सह्यांवर, जमीन सोडून पश्चिमेकडच्या मुलखात जाण्याचा तह उरकला गेला. हजारो चेरोकींनी सह्या करून विरोध कळवला, तरी १८३८ मध्ये सैनिकांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढलं. सुमारे १६ हजार माणसं पश्चिमेकडे हाकलली गेली; त्यांतली चारेक हजार छावण्यांत आणि वाटेत दगावली, असा अंदाज आहे.

चेरोकींच्या संमतीशिवाय त्यांचा पश्चिमेकडचा नवा मुलूख कोणत्याही राज्याच्या हद्दीत घेणार नाही, असं वचन त्या १८३५ च्या तहातच होतं. १९०७ मध्ये तो ओक्लाहोमा राज्यात घातला गेला.